चष्मा डॉक्टरांचा आणि हात माणसाचा

आपले सुरत हे जसे यंत्रमागांचे, तसेच हिऱ्यांचेही शहर आहे. वराछ्याच्या एखाद्या कारखान्यात घटकाभर उभे राहून पाहावे. कारागीर घंटीवर हिरा टेकवतो, क्षणभर घासतो, लगेच उचलून भिंगातून पैलू निरखतो आणि पुन्हा घंटीवर टेकवतो. एकदा हात, एकदा डोळा, असा क्रम दिवसभर चालतो. हिरा निर्जीव असल्यामुळे ही ये-जा त्याला बाधत नाही. परंतु हाताखाली हिरा नसून एखाद्या आजारी तान्ह्या बालकाचे मनगट असेल तर? तेथे हाताची व डोळ्याची क्षणभराची ताटातूटही महाग पडते.

मोठ्या शस्त्रक्रियेच्या वेळी, किंवा रुग्ण अत्यवस्थ असता, दंडाला पट्टा बांधून मधून मधून रक्तदाब मोजणे पुरेसे होत नाही. हृदयाच्या ठोक्याठोक्याला तो कळावा लागतो. यासाठी मनगटाजवळील धमनीत एक बारीक नळी बसवतात. वैद्य ज्या जागी बोटे टेकवून नाडी पाहतात, तीच ही धमनी. धमनीत नळी घालून रक्ताचा दाब मोजण्याची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडातील स्टीफन हेल्स यांनी घोड्यावर केलेल्या अशा प्रयोगाचे वर्णन १७३३ साली प्रसिद्ध केले. पुढे १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर यांनी आधी सुई, मग तिच्यातून तार आणि तारेवरून नळी, अशी सोपी रीत दाखवून दिली. आज जगभर तीच रीत रूढ आहे.

मोठ्या माणसाची नाडी बोटाला सहज लागते. तान्ह्या मुलाची धमनी मात्र जेमतेम एक-सव्वा मिलिमीटर रुंदीची असते. म्हणून डॉक्टर सोनोग्राफीचे साहाय्य घेतात. आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी शरीरात सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून हे यंत्र आतले चित्र पडद्यावर उमटवते. अडचण एवढीच, की सुई मनगटावर असते आणि पडदा असतो बाजूला. मान वळली, नजर गेली, की सुईचे टोक केसभर सरकते आणि धमनी हुकते. मग बाळाला पुन्हा टोचणे आले.

या अडचणीवर आता एक नवा उपाय निघाला आहे. डॉक्टर डोळ्यांवर ‘स्मार्ट ग्लास’ नावाचा चष्मा चढवतात आणि सोनोग्राफीचे चित्र त्या चष्म्यातच दिसते. मान वळवावी लागत नाही. दक्षिण कोरियातील सोल येथे दोन वर्षांखालील ११६ बालकांवर याची रीतसर परीक्षा झाली व तिचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. चष्मा वापरलेल्या ५८ बालकांपैकी ५१ जणांच्या धमनीत पहिल्याच प्रयत्नात नळी बसली. नेहमीप्रमाणे पडद्याकडे पाहून काम केले तेव्हा ही संख्या ५८ पैकी ४२ होती. हा नऊ बालकांचा फरक कागदावर लहान दिसेल. त्या नऊ मातांना विचारले तर तो लहान वाटणार नाही.

तेव्हा असे साधन स्वागतार्ह आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तथापि काही जाणती माणसे म्हणतील, की यामुळे डॉक्टरांची बोटे आंधळी होतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चष्मा धमनी दाखवतो. तो सुई चालवत नाही. वीज गेली, यंत्र बिघडले, तर अखेर बोटांचेच ज्ञान कामी येणार. म्हणून जो नाडी ओळखण्यास शिकला आहे, त्याच्याच डोळ्यांवर हा चष्मा शोभेल. चांगले भिंग विकत घेतल्याने कोणी हिऱ्याचा कारागीर होत नाही, हे सुरतकरांना वेगळे सांगावयास नको.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या सोनोग्राफीने बाळाची धमनी सापडते, त्याच सोनोग्राफीने आपल्या समाजात गर्भातील मुली हुडकून नाहीशा केल्या गेल्या. ते थांबविण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली आणि केंद्राने १९९४ साली कायदा केला. आज या प्रत्येक यंत्राची नोंदणी करावी लागते आणि ते मनाला येईल तेथे नेता येत नाही. प्रामाणिक डॉक्टरांनाही हा जाच सोसावा लागतो. पण तो कायद्याने नव्हे, आपल्याच दुष्कृत्याने ओढवलेला आहे. यंत्र एकच. एका हाती ते मुलीचा जीव वाचवते, दुसऱ्या हाती तिला जन्मही घेऊ देत नाही.

माझे मत थोडक्यात असे : रुग्णालयांनी नवी साधने अवश्य घ्यावीत, परंतु क्रम चुकवू नये. आधी शिकलेला हात, मग सोनोग्राफीचे यंत्र व त्याचा सराव, आणि त्यानंतर चष्मा. साधनाची योग्यता त्याच्या झगमगाटावरून ठरवू नये. बाळाला किती वेळा टोचावे लागले, एवढाच हिशेब ठेवावा.

तुमच्यापैकी कोणी उद्या डॉक्टर होतील, कोणी अशी यंत्रे घडवतील. तेव्हा डोळ्यांवर कोणताही चष्मा असो, हाताखालचे मनगट कोणाचे तरी लेकरू आहे, याचा विसर पडू देऊ नका.