कचोरी परकी, तशी मिरचीही

शेगाव स्टेशनात गाडी शिरली की डब्यात मूगडाळीच्या सारणाची गरम कचोरी आणि तळलेली हिरवी मिरची येते. आज ही बुलडाणा जिल्ह्याची ओळख आहे. पण ती रुजवली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी. जिल्ह्याने परकी चव चाखून पाहिली आणि आपलीशी केली. बाहेरच्या पदार्थांनी आपली भाकरी मागे पडते, हा आक्षेप खऱ्या दुखण्यातून येतो; कारण मात्र वेगळे आहे. ज्वारी हटली ती शेतात सोयाबीन वाढले म्हणून, रेशनवर गहू-तांदूळ आले म्हणून. आणि ज्या ठेच्याचा आपल्याला एवढा अभिमान, त्यातली मिरचीही पोर्तुगीजांमार्फत अमेरिकेहून आलेली!

म्हणून नवे चाखणाऱ्या मुलांना ‘ही कसली थेरं’ म्हणून गप्प करू नये. नव्याला सरावलेली जीभ जुन्याकडेही कुतूहलाने वळते. शेगावच्याच संत गजानन महाराजांच्या नैवेद्यातली ज्वारीची भाकरी, पिठलं आणि अंबाडीची भाजी हे ताट खरे तर चवीचा सोहळा आहे. अंबाडीचा आंबटपणा शहरी मुलाला कुठल्याही विदेशी पदार्थाइतकाच नवा. आणि ही नवी चव चाखायला फार खर्चही लागत नाही: अंबाडीची जुडी आठवडी बाजारात मिळते.