आठवा फोटो

दिवाळीची झाडलोट म्हणजे आमच्या घरातले वार्षिक संकट. यंदा सौभाग्यवतींनी माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना डबा खाली काढला आणि विचारले, "हे टाकायचं ना?" आत फिल्मचे काळपट तुकडे होते. सहज एक दिव्यासमोर धरला अन् हात तसाच राहिला. वाचकहो, त्या तुकड्यातला मुलगा शाळेची घंटा वाजवीत होता.

गोष्ट फेब्रुवारी १९६६ मधली, पुण्याच्या सदाशिव पेठेतली. मी दहावीत होतो. मॅट्रिकची परीक्षा तेव्हा अकरावीला असे. ती दहावीवर आली १९७५ साली. त्या दिवशी संध्याकाळी अकरावीचा निरोप समारंभ होता, आणि नेमकी त्याच दिवशी आमची चाचणी परीक्षा. सकाळी बीजगणित, दुपारी इतिहास.

दादरच्या काकांनी मला आपला पेटी कॅमेरा दिला होता. एका रोळात फोटो आठ, त्याहून एकही जास्त नाही! रोळही सहज मिळत नसे. उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स १९६० साली स्थापन झाली खरी, पण तिच्या कारखान्यातून फिल्म निघू लागली १९६७ साली. तोवर मदार बाहेरून येणाऱ्या मालावर. म्हणून मी अकरावीवाल्यांकडून आगाऊ पैसे घेतले होते. चौघाचौघांचे सात गट, माणशी आठ आणे. आठवा फोटो क्रिकेटच्या कप्तानाचा, ढालीसह, एकट्याचा. त्याने रोख दोन रुपये मोजले होते.

संध्याकाळच्या उजेडात त्या कॅमेऱ्याचे काही चालले नसते. तेव्हा फोटो काढायचे ते दोन पेपरांच्या मधल्या तासाभरातच.

सकाळी बीजगणिताच्या पेपरात चौथे गणित वर्गसमीकरणाचे आले. ते पाहिले आणि मला हायसे वाटले. असेच गणित मला जिन्याखाली बसून एकाने तीनदा समजावून दिले होते. तो आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचा मुलगा. अकरावीतच होता. बापलेक शाळेच्या आवारातल्या खोलीत राहत. मामा टपाल घेऊन बाहेर गेले की घंटा तो द्यायचा. गणित सोडवता सोडवता एकदम ध्यानात आले, माझ्या यादीत त्याचे नाव नाही! आठ आणे कोठून आणणार तो? आणि मीही विचारले नव्हते.

साडेबाराला आम्ही पटांगणात जमलो. ऊन डोक्यावर, डोळ्यांखाली सावल्या पडू लागल्या. मी प्रत्येकाला हनुवटी वर करायला लावली. त्यामुळे त्या सातही फोटोंत आमचे भावी मॅट्रिक आकाशात विमान शोधत असल्यासारखे दिसतात. दर फोटोनंतर किल्ली फिरवायची आणि पाठच्या तांबड्या खिडकीत पुढचा आकडा येईपर्यंत श्वास रोखायचा. खिडकीत आठचा आकडा आला. कप्तान ढाल पुसून पुढे झाला.

"रोळ संपला रे," मी म्हणालो. दोन रुपये त्याच्या हातावर ठेवले. तो काही बोलला नाही. ढाल काखेत मारून निघून गेला. एवढे सफाईदार खोटे मी त्याआधी कधी बोललो नव्हतो.

मग धावतच घंटेपाशी गेलो. तो हातोडी घेऊन घड्याळाकडे बघत उभा होता.

"जरा थांब, तुझा फोटो काढतो."

"अरे, माझ्याकडे पैसे नाहीत."

"बीजगणितात फेडलेस की!"

"मग लवकर काढ. वेळ झाली. घंटा चुकली तर बाबांना बोल लागेल."

घंटा आणि खटका एकदमच वाजले. त्या कॅमेऱ्याचा खटका सेकंदाच्या तिसाव्या भागाइतका उघडा राही. त्याचे हसू स्वच्छ आले, हातोडीचा हात मात्र धुरासारखा पुसट. मी धापा टाकीत इतिहासाच्या पेपराला उशिरा पोहोचलो. बीजगणितात बहात्तर आणि इतिहासात छत्तीस. यावर वडिलांनी जे भाषण केले ते येथे देत नाही.

पुढे हॉल तिकिटे घ्यायला अकरावीची मुले आली, तेव्हा मी सर्वांना फोटो वाटले. त्याच्या फोटोची प्रत मामांनी हात धोतराला पुसून घेतली, उलटसुलट पाहिली, आणि म्हणाले, "बाळ, आमच्या घरात आलेला हा पहिला फोटू." इतकेच. मुलगा मॅट्रिक झाला, रेल्वेत लागला, बदलीच्या गावी गेला. पुन्हा गाठ पडली नाही.

आज आमची नात वाढदिवसाच्या केकचेच चाळीस फोटो काढते. काढू दे बापडी! पण तिला कोणाला वगळावे लागत नाही आणि कोणी राहून गेला, हेही ध्यानात येत नाही. माझ्याजवळ आठच होते, म्हणून नववा माणूस दिसला.

सौभाग्यवतींना मी डबा परत माळ्यावर ठेवायला सांगितला. एक हिशेब मात्र उरला आहे. दोन रुपये परत करता आले, खोटे बोललो ते परत घेता आले नाही. तेव्हा कप्तानसाहेब, हा अंक आपल्या हाती पडलाच तर सांगतो: रोळ संपला नव्हता. एक फोटो शिल्लक होता. घरी या, फराळ करू आणि दाखवतो.