राधिकेची बोली

'झी मराठी'वरील 'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका २०१६ सालीं सुरू होऊन २०२१ सालीं संपली. परंतु तिवशांत अजूनहि तिची गोष्ट निघते. नायिका राधिका ही नागपूरकडील गृहिणी. मुंबईंत राहूनहि ती आपल्याच वळणाचें बोलते. पति गुरुनाथ शनायेच्या नादीं लागून तिला फसवितो. पुढें मसाल्यांच्या धंद्यावर ती स्वतःच्या पायांवर उभी राहते. अनिता दाते यांनीं हें पात्र जिवंत केलें.

कथानकाविषयीं मात्र माझी तक्रार आहे. पात्राच्या स्वभावांतून जी घटना निघते तीच खरी वाटते. येथें गुरुनाथाचें एक कपट उघडकीस येतें न येतें तोंच दुसरें उभें राही, आणि मालिका चालावी म्हणून शहाण्या माणसांना वारंवार आंधळें व्हावें लागे. शनायेचें काम करणारी नटीहि मध्येंच बदलली, पण गोष्ट थांबली नाहीं! शिक्षा अशी लांबत गेली कीं प्रेक्षक अपराधाकडे केवळ करमणूक म्हणून पाहूं लागतो. पालकांनीं ही गोष्ट मुलांस समजावून सांगावी.

तथापि एक ऋण मान्य केलेंच पाहिजे. नाटक-सिनेमांत आपली बोली बहुधा हशासाठींच येई. येथें ती नायिकेच्या मुखीं आली. त्याच सुमारास वर्गांत एका मुलीस "असें बोलूं नये" म्हणून मीं दटावलें. ती हळूच म्हणाली, "सर, राधिका तं असंच बोलते न?" मजजवळ उत्तर नव्हतें. प्रमाण भाषा शिकविणें माझें कर्तव्य होय. घरच्या बोलीची लाज शिकविणें नव्हे.