तबकडी माझी, फाईलही माझीच

"आता सगळं यूट्यूबवर असतं." हे वाक्य ज्या घरात बोललं जातं, त्या घरातला डीव्हीडींचा खोका पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याच्या गाडीवर चढतो. मला या वाक्याची चीड आहे. अडाणीपणातून आलं असतं तर समजून घेतलं असतं. पण ते बोलणारे शिकलेसवरलेले असतात, आणि आपण काय फेकतोय हे खोका उघडून बघण्याची तसदीसुद्धा घेत नाहीत.

सगळं यूट्यूबवर नसतं. २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांत मराठी नाटकांची, कीर्तनांची, मैफलींची कितीतरी चित्रीकरणं केवळ व्हीसीडी-डीव्हीडीसाठी झाली. त्यातले बरेच कलाकार आज हयात नाहीत. त्या डिस्क काढणाऱ्यांपैकी अनेकांनी दुकानं बंद केली, आणि हक्क नेमके कोणाकडे गेले हे वारसांनाही सांगता येत नाही. अशी चित्रीकरणं ऑनलाइन आणणार कोण? जी येतात तीही धड येत नाहीत. कोपऱ्यात कोणाचं तरी बोधचिन्ह चिकटवलेलं, हक्काच्या भानगडीत एखादं गाणं कापलेलं, नाटकाचा तिसरा अंकच गायब. मोझर बेअरने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली, तेव्हा सिनेमा घरात विकत आणून ठेवणं पहिल्यांदा सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं. ती कंपनी २०१८मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली अवसायनात निघाली. तिने विकलेली डिस्क मात्र तुमच्या कपाटात आहे आणि आजही चालते. ती चालवायला कुणाची परवानगी लागत नाही, कुणाचा सर्व्हर चालू असावा लागत नाही.

वर्गणी भरून जे बघता ते तुमचं नाही, हे तर उघडच आहे. पण पूर्ण किंमत मोजून 'खरेदी' केलेलंही तुमचं नसतं. २००९मध्ये ॲमेझॉनने ग्राहकांच्या किंडलमधून ऑर्वेलची '१९८४' परस्पर पुसून टाकली. पैसे परत केले, पण पुस्तक न विचारता गेलं. हॉलिवूडच्या स्टुडिओंनी मिळून 'अल्ट्राव्हायोलेट' नावाची कोठी उघडली होती, तुमचे विकत घेतलेले सिनेमे तिथे कायम राहतील म्हणून. जुलै २०१९मध्ये ती बंद झाली. शेवटी कॅलिफोर्नियाला कायदा करावा लागला, की हा माल कधीही काढून घेतला जाऊ शकतो आणि तुम्हाला मिळतो तो फक्त परवाना, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय बटणावर 'विकत घ्या' लिहायचं नाही. जानेवारी २०२५पासून तो लागू आहे. आपल्याकडे अशी पाटी लावायचं बंधन कुणी घातलेलं नाही, आणि ते कुणी मागतंय असंही दिसत नाही.

म्हणून डिस्क जपा. पण कपाटात रचून ठेवणं म्हणजे जपणं नव्हे. डीव्हीडी म्हणजे ०.६ मिलिमीटरच्या दोन प्लॅस्टिकच्या चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. मधला धातूचा थर हवेपासून वाचला तरच टिकतो. मार्च २०२५मध्ये वॉर्नर ब्रदर्सलाच मान्य करावं लागलं, की २००६ ते २००८ दरम्यान छापलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी खराब निघाल्यात. त्या तर कारखान्यात ठशाने छापलेल्या. लग्नाच्या, मुंजीच्या, साठीच्या समारंभाच्या ज्या डिस्क फोटोग्राफरने घरच्या रायटरवर लिहून दिल्या, त्यांत माहिती असते ती रंगद्रव्याच्या थरात, आणि हे रंगद्रव्य उजेडाने, उष्णतेने, दमट हवेने विटतं. कोकणातल्या चार पावसाळ्यांत अशा डिस्कवर बुरशी धरते. त्यातून प्लेअरही संपलेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, आणि बऱ्याच नव्या टीव्हींच्या पाठीमागून ती लाल-पांढरी-पिवळी भोकंही गेली. डिस्कवरचं काढून फाईल करायची, ती टीव्हीवर बघायची, आणि हे आत्ताच करायचं. याला दुसरा मार्ग नाही.

आता माझा खरा राग. फाईल करून देणारी दुकानं आज गल्लोगल्ली आहेत, आणि त्यांतली बहुतेक जे करतात त्याला मी नासधूस म्हणतो.

आमच्या एका आत्येबहिणीच्या लग्नाची डीव्हीडी अशाच एका दुकानातून पेनड्राइव्हवर होऊन आली. २००५चं लग्न. फोटोग्राफरने मिनीडीव्ही कॅसेटवर चित्रीकरण केलं, संकलन करून डिस्क दिली आणि कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. त्या काळी सर्रास असंच व्हायचं. म्हणजे ती डिस्क हीच एकमेव प्रत. टीव्हीवर लावली तर सगळ्यांची तोंडं आडवी पसरलेली. आजीचा चेहरा ओळखू येईना. जुन्या टीव्हीच्या चार-तीन चौकटीतलं चित्र ताणून सोळा-नऊ केलेलं. हिशेब अगदी साधा आहे. १९२० रुंद आणि १०८० उंच पडद्यावर ते चित्र १४४० रुंद बसायला हवं आणि दोन्ही बाजूंना २४०-२४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या राहायला हव्यात. ताणलं की प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. मी दुकानदाराला जाब विचारला. तो म्हणाला, "काका, हल्ली फुल स्क्रीनच लागतं. काळ्या पट्ट्या दिसल्या की गिऱ्हाईक परत आणून देतं."

गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून माल बिघडवून द्यायचा, हा कुठला धंदा?

ताणणं हा तर वरवरचा दोष. मंगलाष्टकं संपून अक्षता पडतात तो क्षण मी थांबवून बघितला. तांदळाचा प्रत्येक दाणा दुहेरी, कडांना फणीसारखे दात. कारण असं, की आपल्याकडची त्या काळची व्हिडिओ पद्धत सेकंदाला ५० अर्धी चित्रं घ्यायची. एकदा विषम ओळी, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळी. ट्यूबच्या टीव्हीवर त्या आलटून पालटून दिसायच्या आणि हालचाल सलग वाटायची. फाईल करताना या दोन अर्ध्या चित्रांची नीट सांधणी करावी लागते. या माणसाने ती केली नव्हती. दोन वेगळ्या क्षणांच्या ओळी एकावर एक ठेवून वरून पुन्हा दाबल्या, त्यामुळे ते दात आता चित्रात कायमचे कोरले गेले. काही दुकानं तर अर्ध्या ओळी सरळ टाकूनच देतात, म्हणजे ५७६ ओळींतल्या उरतात २८८.

आणि हे कशासाठी? सव्वाचार जीबीची डिस्क ७०० एमबीत बसवण्यासाठी. हा आकडा सीडीच्या जमान्यातला. तेव्हा त्याला अर्थ होता, कारण सीडीवर तेवढंच मावायचं. आज हजार जीबीच्या हार्डडिस्कवर, साडेआठ जीबीच्या काठोकाठ भरलेल्या दुहेरी थराच्या शंभराहून जास्त डीव्हीडी जशाच्या तशा बसतात. तरीही आमचा कारागीर सहापट पिळतो, आणि वर पाकिटावर 'एचडी कन्व्हर्जन' लिहून जास्त पैसे मागतो. जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते फाईल मोठी करून येत नाही. ७२० बाय ५७६ ठिपक्यांत जेवढं आहे तेवढंच आहे. तेवढं सगळंच्या सगळं राखणं हे दुकानदाराचं काम. त्यातही चित्राच्या कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि मोबाइल नंबर. आजीच्या उखाण्यावर मोबाइल नंबर! मूळ डिस्क भंगारात गेलेली नव्हती म्हणून आमचं निभावलं. हजारो घरांत ती जाते, कारण 'कॉपी झाली ना आता'.

हे काम घरी होतं. यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह दीड-दोन हजारांत मिळतो. मेकएमकेव्ही नावाचा प्रोग्राम डीव्हीडीसाठी फुकट आहे. तो डिस्कवरचा मुख्य भाग काहीही न दाबता, न बदलता एका एमकेव्ही फाईलमध्ये काढून देतो. चित्र तेच, आवाजाचे सगळे पर्याय तेच, सबटायटल्स तीच, प्रकरणांच्या खुणाही त्याच. सबटायटल्सवर जोर देऊन सांगतो, कारण दुकानं ती हमखास उडवतात. न्यू जर्सीत वाढणाऱ्या नातवाला मराठी सिनेमा कळतो तो त्या इंग्रजी ओळींमुळेच, आणि डीव्हीडीवर त्या अक्षरं म्हणून नव्हे तर चित्रं म्हणून साठवलेल्या असतात. एकदा गेल्या की पुन्हा टाइप करण्याशिवाय इलाज नाही. टीव्हीने ही फाईल घेतली तर काम संपलं. नाही घेतली, तरच हँडब्रेक या प्रोग्राममध्ये दुसरी प्रत करायची: डीइंटरलेस चालू, त्यात 'बॉब' निवडलेलं, म्हणजे ५० अर्ध्या चित्रांची ५० पूर्ण चित्रं होतात, आकाराचं प्रमाण मूळचंच, दर्जाचा आकडा १८च्या आसपास. पहिली फाईल मात्र पुसायची नाही. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीचा असेल तर चार जीबीवरची फाईल त्यावर मावत नाही. तो एक्सफॅट करा, फाईल चिरू नका. व्हीसीडी तर आणखी सोपी. तिला डीव्हीडीसारखं नक्कल रोखणारं कुलूपच नसतं, आतली डॅट फाईल व्हीएलसीत तशीच चालते. घरात बघणारे जास्त असतील तर जुन्या संगणकावर जेलीफिन हा प्रोग्राम टाका. सगळा संग्रह टीव्हीच्या पडद्यावर मुखपृष्ठांसकट दिसतो.

आणि नावं नीट द्या. 'न्यू फोल्डर २' मधली 'मूव्ही फायनल' उद्या कोण उघडणार? नाटकाचं नाव, साल, कलाकार, डिस्क कोणी काढली हे लिहा. लग्नाच्या फाईलला तर पंगतीत कोण कोण बसलंय त्याची यादी जोडा, जोवर ओळखणारी माणसं घरात आहेत.

"पण कुलूप तोडणं म्हणजे चोरीच की," असं मला तोंडावर ऐकवणारे भेटतात. त्यांनी कायदा वाचलेला नाही. आपल्या १९५७च्या प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. कलम ५२ खाजगी, वैयक्तिक वापरासाठी रास्त व्यवहाराला मुभा देतं आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्यालाही. कलम ६५-अ कुलूप तोडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर; कायद्याने स्पष्ट न रोखलेल्या कारणासाठी केलेलं काम त्यातून वगळलेलं आहे. मात्र दुसऱ्याला कुलूप तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता आणि कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असंही तिथेच लिहिलंय. तशी वही मी एकाही दुकानात पाहिलेली नाही. विकत घेतलेल्या डिस्कची घरापुरती प्रत करणारा चोर नाही. ती प्रत विकणारा, सोसायटीच्या ग्रुपवर फिरवणारा चोर आहे, आणि त्याच्याबद्दल मला काडीची सहानुभूती नाही.

नॉर्वेत याचा निकाल कधीच लागलाय. योन योहान्सेन या पोराने पंधराव्या वर्षी, १९९९मध्ये, डीव्हीडीचं कुलूप उघडणारा प्रोग्राम प्रसिद्ध केला. खटला झाला, आणि २००३मध्ये दोन्ही न्यायालयांनी त्याला निर्दोष सोडलं. स्वतः विकत घेतलेली डिस्क आपल्या संगणकावर बघायला त्याला पूर्ण मोकळीक आहे, असं न्यायालयाने मानलं. आपण मात्र अजून रीजन कोडचं ओझं वाहतोय. भारत पाचव्या विभागात, अमेरिका पहिल्या. तिकडून भावाने आणलेली पैसे मोजून घेतलेली डिस्क इकडच्या प्लेअरमध्ये नकार देते आणि संगणकाचा ड्राइव्ह विभाग बदलायला पाच वेळा परवानगी देऊन कायमचा अडकून बसतो. या अपमानाला सुरक्षा म्हणायची माझी तयारी नाही.

संग्रहालयं आहेत की, असंही कोणी म्हणेल. जानेवारी २००३मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात संग्रहालयाची नायट्रेटची रिळं जळाली. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' आज कुठेच बघायला मिळत नाही. बीबीसीने 'डॉक्टर हू' या मालिकेचे जुने भाग स्वतःच्या हाताने पुसले. त्यांतल्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज आज ऐकता येतो तो फक्त चाहत्यांनी घरी बसून ध्वनिफितींवर उतरवून घेतला म्हणून. संस्थांच्या कपाटांवर माझा राग नाही, त्यांनी बरंच वाचवलंय. पण घराघरातली प्रत हीच शेवटची ठरल्याचे दाखले एवढे असताना 'आम्ही कशाला सांभाळायचं' म्हणणाऱ्यांना मी बेजबाबदार म्हणणारच.

आणि निर्मात्यांनो, तुम्हीही ऐका. तुमच्या गोदामात त्या नाटकांच्या मूळ टेप असतील तर त्या डिस्कपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, आणि तुम्ही त्या सडू देताय. पूर्ण तिन्ही अंक, न ताणलेलं चित्र, सबटायटल्स, कुलूप नसलेली फाईल, एवढं विका. हक्काचा गुंता सुटत नसेल तर वारसांना एकत्र बसवा, त्यांचा वाटा ठरवा. फुकट कुणी मागत नाही. चौतीस रुपयांना घेणारे होते तसे आज पाचशेला घेणारेही आहेत. मी त्यांतला पहिला, आणि पैसे आगाऊ भरायची माझी तयारी आहे.