गिरनारची शर्यत आणि डोलीचा खांदा

दरवर्षी हिवाळ्यात जुनागढजवळच्या गिरनार पर्वतावर आरोहण-अवरोहणाची स्पर्धा भरते. गुजरात शासनाच्या आश्रयाने होणाऱ्या या स्पर्धेत शेकडो तरुण भवनाथच्या तळेटीतून धावत सुटतात, ५,५०० पायऱ्या चढून अंबाजीच्या देवळापर्यंत पोहोचतात आणि तसेच धावत खाली येतात. अव्वल स्पर्धक हे सारे सुमारे एका तासात उरकतात. चढ-उतार मिळून ११,००० पायऱ्या एका तासात, म्हणजे दर सेकंदाला तीन पायऱ्या! या पराक्रमाचे कौतुक झालेच पाहिजे. मात्र ते करताना जो प्रश्न सोयीस्करपणे वगळला जातो, तो विचारणेही तितकेच अगत्याचे आहे. याच पायऱ्या वर्षभर दुसऱ्या माणसाचे ओझे खांद्यावर घेऊन चढणाऱ्या डोलीवाल्याच्या श्रमाची हा समाज काय किंमत करतो?

स्पर्धेचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पायऱ्यांची चढण ही सपाटीवरच्या धावण्याहून वेगळी परीक्षा असते. प्रत्येक पावलाला सगळे शरीर उचलावे लागते, छातीचा भाता फुटायला येतो आणि पहिल्या हजार पायऱ्यांत उतावीळपणा करणारा पुढच्या हजारांत बसकण मारतो. उतरताना दम टिकतो, पण गुडघ्यांवर आणि मांड्यांवर घणाचे घाव बसतात. एक पाऊल चुकले तर हाड मोडण्याची भीती. अशा चढणीवर एकट्याची जिद्द पुरी पडत नाही. पुढच्याच्या टाचेवर नजर ठेवून मागचा चढतो, मागच्याच्या श्वासाचा आवाज ऐकून पुढचा आपला वेग सावरतो. पदक एकाच्या गळ्यात पडत असले, तरी वेग सगळ्यांनी मिळून निर्माण केलेला असतो. कोणत्याही श्रमाचे हेच खरे स्वरूप आहे आणि खेळाच्या मैदानावर ते डोळ्यांना स्पष्ट दिसते, हा खेळाचा मोठाच उपकार म्हटला पाहिजे.

पण या कौतुकातही पंक्तिप्रपंच आहे. पुरुषांची शर्यत अंबाजीपर्यंत, ५,५०० पायऱ्यांची. मुली-स्त्रियांची मात्र माळी परबपर्यंत, २,२०० पायऱ्यांची. अर्ध्याहूनही कमी! हा भेद कोणत्या शास्त्राच्या आधाराने ठरला? गिरनारच्या पाचव्या शिखरावरील दत्तपादुकांपर्यंतच्या सुमारे १०,००० पायऱ्या साठीच्या घरातल्या बायका नऊवारी सावरीत, रात्रीच्या अंधारात काठी टेकीत चढून जातात. त्यांना माळी परबला कोणी थांबवीत नाही. देवाच्या दारी जाणाऱ्या स्त्रीचे पाय मान्य, आणि कीर्तीच्या दारी जाणारीचे मात्र अमान्य, असा हा न्याय आहे. शरीराचे सामर्थ्य कोणाचे मोजायचे आणि कोणाचे मोजायचे नाही, हे पर्वत ठरवीत नाही. ते समाजाची चौकट ठरविते. डोलीवाल्याचा प्रश्न याच चौकटीतून उभा राहतो.

गिरनारची डोली ज्याने पाहिली आहे, त्याला तिचे वर्णन सांगायला नको. एका दांडीला टांगलेले बैठे आसन, त्यावर पाय मुडपून बसलेला यात्रेकरू आणि दोन्ही टोकांना खांदा देणारे दोघे. माणूस जड असेल तर चौघे. निघण्यापूर्वी यात्रेकरूला तराजूवर बसवून तोलण्याची तिथली रीत आहे, कारण भाडे वजनावर ठरते. तोलल्या जाणाऱ्या यात्रेकरूला त्या क्षणी जरासे ओशाळवाणे वाटत असेल. परंतु त्या काट्याने खरोखर मोजले जाते ते दुसऱ्याच्या खांद्यावर पडणारे ओझे. १०० किलोचा यात्रेकरू दोघांनी उचलला, तर डोलीचे वजन सोडूनही प्रत्येकाच्या वाट्याला ५० किलो येतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुष कामगाराने वाहावयाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. गिरनारचा डोलीवाला त्या मर्यादेच्या आसपासचे ओझे घेऊन हजारो पायऱ्या चढतो आणि तेच ओझे घेऊन उतरतो. धावपटूच्या ज्या गुडघ्यांची वर चिंता केली, तेच गुडघे याला रोज वापरायचे असतात.

आता दोघांना मिळणाऱ्या वागणुकीची तुलना करावी. धावपटूच्या छातीवर क्रमांक असतो, त्याची वेळ सेकंदापर्यंत नोंदली जाते, वाटेवर वैद्यकीय मदतीची व्यवस्था असते, शेवटी प्रशस्तिपत्र आणि बक्षीस असते, दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात नाव असते. डोलीवाल्याच्या कष्टांना असे कोणतेही दप्तर नाही. त्याने आयुष्यात किती लाख पायऱ्या चढल्या याची नोंद फक्त त्याच्या खांद्यावरच्या घट्ट्यात सापडेल. शासनाच्या लेखी पहिला खेळाडू आहे, दुसरा निव्वळ एक सोय आहे. वास्तविक दोघांचे स्नायू तेच, दगड तेच, घामही तोच. एकाचे श्रम ऐच्छिक आहेत म्हणून ते गौरवास पात्र ठरतात आणि दुसऱ्याचे पोटासाठी आहेत म्हणून ते घासाघिशीचा विषय होतात. श्रमप्रतिष्ठेवर भाषणे देणाऱ्या देशात श्रमाची अशी वाटणी व्हावी, याची खंत कोणालाच वाटू नये काय?

यावर एक ठरावीक उत्तर मिळते. डोलीवाल्याला कोणी बळजबरी करीत नाही. तो आपखुशीने हा धंदा करतो, मग तक्रार कसली? हा युक्तिवाद वरवर रास्त वाटतो. परंतु ज्याच्यापुढे दुसरा मार्गच नाही त्याच्या ‘आपखुशी’ला कितीसा अर्थ असतो? धावपटू थकला तर थांबू शकतो. पुढच्या वर्षी उतरायचे की नाही हे तो ठरवू शकतो. डोलीवाल्याने अर्ध्या वाटेत डोली टेकवून ‘आज जमत नाही’ म्हटले, तर त्या दिवसाची चूल पेटत नाही. भुकेने केलेल्या सक्तीला चाबूक लागत नाही, म्हणून ती सक्ती नव्हे असे म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे.

गंमत अशी की, या प्रश्नाचा एक प्राचीन दाखला गिरनारच्याच वाटेवर दगडात कोरलेला आहे. जुनागढहून पर्वताकडे जाताना जी शिला लागते, तिच्यावर अशोकाचे लेख आहेत. दास आणि सेवक यांना नीट वागवावे, हा धर्माचरणाचा भाग म्हणून त्यांत सांगितले आहे. त्याच शिलेवर क्षत्रप रुद्रदामन्याचा इ. स. १५० च्या सुमाराचा लेख आहे. वादळात फुटलेला सुदर्शन तलावाचा बांध आपण स्वतःच्या कोशातून दुरुस्त केला आणि त्यासाठी नगरातल्या व खेड्यांतल्या प्रजेवर कर, विष्टी किंवा सक्तीच्या देणग्या लादल्या नाहीत, असे त्यात अभिमानाने नमूद केले आहे. विष्टी म्हणजे वेठ. मराठीतला ‘वेठ’ हा शब्द तिचाच वंशज. राजाने केलेली आत्मस्तुती जशीच्या तशी खरी मानण्याचे कारण नाही. परंतु लोकांच्या अंगमेहनतीवर फुकट हक्क सांगणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे, एवढे तरी एका क्षत्रपाला १८०० वर्षांपूर्वी उमगले होते. आजच्या लोकशाही शासनाने त्याच्याहून मागे असावे, हे कोणत्या प्रगतीचे लक्षण मानायचे?

या प्रकरणी महाराष्ट्रालाही हात झटकता येणार नाहीत. दत्तदर्शनासाठी गिरनारला जाणाऱ्यांत मराठी माणसांचा भरणा मोठा असतो. त्यांतले कित्येक जण भल्या पहाटे पायी चढतात आणि ते आदरास पात्रच आहेत. ज्यांना वय किंवा आजार आडवा येतो त्यांनी डोली करावी, यातही गैर काही नाही. खटकतो तो व्यवहार वेगळाच आहे. घरून निघताना प्रवासी कंपनीने सांगितलेली रक्कम मुकाट्याने भरणारा गृहस्थ तळेटीत आल्यावर डोलीवाल्याशी शे-दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालतो आणि घरी परतल्यावर ‘गिरनार झाला’ म्हणून पेढे वाटतो. पाय दुसऱ्याचे, पुण्य याचे! ज्या दत्तसंप्रदायात अवधूताने पृथ्वीपासून मधमाशीपर्यंत चोवीस गुरू केल्याची कथा भक्तिभावाने सांगितली जाते, त्याच्या अनुयायांना आपल्याला खांद्यावर वाहणाऱ्या माणसाकडून काहीच शिकण्यासारखे दिसू नये, हे नवल नव्हे काय?

दुसरे उत्तर यंत्राचे दिले जाते. २४ ऑक्टोबर २०२० रोजी गिरनारच्या रोपवेचे उद्घाटन झाले. सुमारे २.३ किलोमीटर लांबीचा हा दोरमार्ग यात्रेकरूला काही मिनिटांत अंबाजीपर्यंत नेऊन सोडतो. यंत्र माणसाच्या खांद्यावरचे ओझे उतरवीत असेल तर त्याला विरोध करण्याचे समाजवाद्याला काहीच कारण नाही. प्रश्न यंत्राच्या मालकीचा आणि त्याच्या लाभाच्या वाटपाचा आहे. रोपवे खासगी कंपनीने उभारला आणि चालविला. सुरुवातीलाच प्रौढांचे जाण्यायेण्याचे तिकीट ७०० रुपये ठरले. पायऱ्यांवर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खांदे झिजविले, त्यांचा त्या उत्पन्नात कोणता वाटा धरला गेला? शिवाय रोपवे अंबाजीलाच थांबतो. तिथून दत्तशिखरापर्यंतच्या हजारो पायऱ्या उरतातच, आणि जोराचा वारा सुटला की रोपवेही बंद ठेवावा लागतो. म्हणजे डोलीची गरज संपलेली नाही. फक्त डोलीवाल्याची कमाई अनिश्चित झाली. यंत्राने ओझे हलके करावे ही अपेक्षा. इथे त्याने ओझे तसेच ठेवून हातातली भाकरी मात्र पळविली.

मग डोलीवर बंदीच घालावी, असा सल्ला काही सुधारक देतील. माणसाने माणसाला वाहून नेणे हे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः मान्य करावे लागेल. परंतु पर्यायाविना घातलेली बंदी श्रमिकाला प्रतिष्ठा देत नाही, उपाशी ठेवते. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये माथेरानच्या हातरिक्षांविषयी दिलेला निर्णय या बाबतीत मार्गदर्शक आहे. माणसाने ओढावयाची रिक्षा ही प्रथा सहा महिन्यांत थांबवा, असे सांगून न्यायालय तिथेच थांबले नाही. महाराष्ट्र शासनाने ई-रिक्षा विकत घेऊन त्या खऱ्याखुऱ्या रिक्षाचालकांनाच भाड्याने द्याव्यात, असेही त्याने बजावले आणि त्यासाठी नमुना दाखविला तो गुजरातेतल्याच केवडियाचा. त्यापूर्वी १९८० साली पंजाबच्या सायकलरिक्षाचालकांच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनीही हीच दृष्टी ठेवून चालकांना बँकेच्या कर्जातून स्वतःच्या रिक्षा मिळाव्यात अशी योजना आखून दिली होती. प्रथा मोडायची असेल तर ती मोडताना प्रथेखाली दबलेला माणूस आधी उभा करावा लागतो, हा या दोन्ही निर्णयांचा गाभा आहे. केवडियाला जे जमते ते त्याच राज्यातल्या जुनागढला का जमू नये?

उपाय अवघड नाहीत, आणि मागण्याही आकाशातले तारे तोडण्याच्या नाहीत. ओझे वाहणाऱ्यांची रीतसर नोंदणी, मजुरीची हमी आणि भविष्यनिर्वाह निधी या गोष्टी कायद्याने देता येतात, हे महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी कायद्याने दाखवून दिले आहे. तो कायदा कोणाच्या कृपेने आलेला नव्हता. अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी माथाडींची संघटना उभारली आणि त्या लढ्यातून तो आला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत बांधली आणि पोत्याचे वजन कमी करण्याचा प्रश्न प्रतिष्ठेचा प्रश्न म्हणून लढविला. पोत्याला मर्यादा असू शकते तर डोलीला का नसावी? गिरनारच्या प्रत्येक डोलीवाल्याची नोंदणी व्हावी. ठरावीक वजनापुढे चार खांदे सक्तीचे असावेत. दर जाहीर फलकावर लावलेले आणि महागाईशी जोडलेले असावेत. अपघाताचा विमा व उतारवयात निवृत्तिवेतन मिळावे, आणि त्यासाठी रोपवेच्या प्रत्येक तिकिटामागे ठरावीक रक्कम डोलीवाल्यांच्या निधीत जमा व्हावी. रोपवेच्या नोकऱ्यांत त्यांच्या मुलांना अग्रहक्क असावा. हा कार्यक्रम दानधर्माचा नाही, केलेल्या कामाच्या थकबाकीचा आहे.

आणि इथेच स्पर्धेतल्या तरुणांशी या प्रश्नाचा संबंध येतो. पायऱ्यांवर धावणारी ही मुले काही धनिकांच्या क्रीडामंडळांतून आलेली नसतात. त्यांत खेड्यापाड्यांतली, शेतात राबून वाढलेली, पोलीस वा सैन्यभरतीच्या आशेने पहाटे धावणारी मुले कितीतरी असतात. पायरीचा खरा अर्थ त्यांच्याइतका कोणाला कळणार? चढणीवर एकमेकांच्या श्वासाने वेग सावरणाऱ्या सोबत्यांनी त्याच चढणीवरच्या सर्वांत जुन्या सोबत्याला परके मानू नये. पुढच्या स्पर्धेपूर्वी धावपटूंनी आणि त्यांच्या संघांनी शासनाकडे दोन मागण्या एकत्र मांडाव्यात: मुलींची शर्यत अंबाजीपर्यंत न्यावी आणि डोलीवाल्यांची नोंदणी, दर व विमा यांचा निर्णय घ्यावा. शर्यतीसाठी दरवर्षी त्या पायऱ्यांवर सारी यंत्रणा उभी करणाऱ्या शासनाला काही शेकडा श्रमिकांची नोंदवही उघडणे जड जाते, यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. कमतरता पैशाची नाही, इच्छेची आहे. आणि शासनाची इच्छा संघटित मागणीखेरीज जागी होत नाही, हा आजवरचा अनुभव आहे.