औषध मिसळणाऱ्या हातांची परीक्षा कोण घेणार?

अमेरिकेच्या ओहायो राज्यात २००६ साली एमिली जेरी या दोन वर्षांच्या बालिकेचा बळी कर्करोगाने नव्हे, तर सलाईनच्या पिशवीने घेतला. केमोथेरपीचे औषध मिसळायच्या द्रावणात मिठाचे प्रमाण एक टक्क्याहून कमी हवे होते. रुग्णालयातील फार्मसी तंत्रज्ञाने २३.४ टक्क्यांचे तीव्र द्रावण वापरले. तपासणाऱ्या फार्मासिस्टच्याही नजरेतून ही चूक सुटली. फार्मासिस्टला कारावास झाला. पण तंत्रज्ञांना त्या राज्यात तोवर ना प्रशिक्षणाची सक्ती होती, ना परीक्षेची. ती सक्ती २००९ मध्ये ‘एमिलीज लॉ’ने आणली.

आपल्याकडे कायदा वरकरणी अधिक कडक आहे. १९४८ च्या फार्मसी कायद्यातील कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध मिसळण्याचा व देण्याचा अधिकार नोंदणीकृत फार्मासिस्टलाच आहे. प्रत्यक्षात देशातील अनेक रुग्णालयांत इंजेक्शने आणि केमोथेरपीची औषधे वॉर्डातील परिचारिकाच सलाईनमध्ये मिसळतात. दोष त्यांचा नाही. ते काम त्यांच्यावर सोपवून व्यवस्था मोकळी झाली आहे.

फार्मासिस्टच्या तयारीचे चित्रही समाधानकारक नाही. पदविकेनंतर ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असते. पुढे नोंदणी टिकवण्यासाठी पाच वर्षांत एकेका दिवसाचे दोन उजळणी वर्ग पुरतात. वर्गातील हजेरीची नोंद होते, हातांच्या कौशल्याची नाही.

अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ पासून लागू झालेल्या सुधारित मानकात हातांचीच परीक्षा आहे. निर्जंतुक औषधे मिसळणाऱ्याला दर सहा महिन्यांनी औषधाऐवजी जंतूंना पोषक असा द्रव वापरून तीच कृती करून दाखवावी लागते. तो द्रव चौदा दिवस उबेत ठेवतात. गढूळ झाला, तर कर्मचारी अनुत्तीर्ण. पुन्हा प्रशिक्षण घेतल्याशिवाय त्याला काम मिळत नाही.

या चाचणीला अवाढव्य यंत्रसामग्री लागत नाही. रुग्णालयाची सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळा पुरेशी आहे. गोव्यासारख्या छोट्या राज्यात तर हे अधिकच सुकर आहे. बांबोळीत वैद्यकीय महाविद्यालय आहे, पणजीत फार्मसी महाविद्यालय आहे. दोघांनी मिळून सरकारी रुग्णालयांपासून आरंभ करावा. औषध मिसळण्याची जागा एक, जबाबदार व्यक्ती निश्चित आणि तीव्र द्रावणे कुलपात, इतकी शिस्त तरी तातडीने लागू करता येईल. ओहायोला कायदा करण्यासाठी एका बालिकेचा मृत्यू पाहावा लागला. आपण तशी वाट पाहू नये.