चौथीत मत होतं, बारावीत का नाही?

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेल्यांनो, शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक आठवते? चिठ्ठ्या, बोटाला शाई, आरोग्यमंत्री, सगळं साग्रसंगीत. आता पाथरी-जिंतूरच्या छोट्या ज्युनिअर कॉलेजात तुमचा वर्गप्रतिनिधी कोण ठरवतं? बहुतेक ठिकाणी सरच. ‘ए, तू हजेरीचं बघ,’ म्हणाले, की झाला प्रतिनिधी!

२०१६ च्या विद्यापीठ कायद्यात विद्यार्थी परिषद आहे, पण ती सीनिअर कॉलेजांसाठी. (तिथल्याही निवडणुका २०१९ मध्ये पुढे ढकलल्या गेल्या.) अकरावी-बारावी त्या कायद्याबाहेर. म्हणजे करायचं तर प्राचार्यांनी आणि तुम्ही मिळूनच.

‘निवडणूक आली की मारामाऱ्या येतात’ ही सरांची भीती पोकळ नाही. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थ्याचा खून झाला, पुढे १९९४ च्या कायद्यानं थेट निवडणुका बंदच झाल्या. पण दोनशे पोरांच्या कॉलेजात पॅनल न् पोस्टर हवेत कशाला? वर्गात गुप्त चिठ्ठी, एक मुलगा, एक मुलगी. महिन्यातून अर्धा तास प्राचार्य आणि दोन शिक्षकांसोबत बैठक. काय मागितलं, काय उत्तर मिळालं, हे रजिस्टरात लिहायचं. नाहीतर ‘बघू’वरच वर्ष जातं. पहिला तास सातला आणि गावाची एसटी येते आठला, प्रॅक्टिकल फक्त जर्नलमध्ये, मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी नाही: विषय कमी नाहीत.

सरही विचारतील, ‘नाव आमच्याकडं न् क्लास लातूरला, हे कसं चालायचं?’ त्याचं उत्तर मात्र तयार ठेवा.